वर निष्ठा, खाली माया

कॉव्हेंट्रीच्या बाहेर एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये जपानी मालकीचा एक कारखाना होता. गाड्यांच्या सीटखालच्या लोखंडी चौकटी तिथे बनायच्या. त्या कारखान्यात मी दुभाषी होते. पदाचं नाव लांबलचक होतं, पण काम एवढंच, की जपानहून आलेली माणसं काय म्हणतात ते इथल्या माणसांना सांगायचं आणि इथली माणसं काय म्हणतात ते त्यांना.

जपानी मी पुण्यात शिकले. आमच्या वेळी पुण्यात जपानी शिकणं ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती. जर्मनच्या क्लासला जागा मिळाली नाही की मुलं जपानीला जाऊन बसायची. मी तशीच बसले आणि रमले. पुढे काही वर्षं चाकणच्या कंपन्यांसाठी मशिनांची मॅन्युअल्स भाषांतरित केली. मग नवऱ्याला इकडे सॉफ्टवेअरमधली नोकरी मिळाली, आम्ही आलो, आणि मुलगी नर्सरीत जायला लागल्यावर मी या कारखान्यात लागले.

कारखान्याच्या प्रमुखांना जपानी माणसं 'शाचो' म्हणत, म्हणजे कंपनीचे मुख्य. कामगार त्यांना 'गॅफर' म्हणत, इथे मिडलंड्समध्ये बॉसला तसंच म्हणतात. मी मनातल्या मनात त्यांना साहेब म्हणायचे, इथेही तेच म्हणते. साठीच्या अलीकडचे, बारीक अंगाचे, केस पूर्ण पांढरे. तीन वर्षांसाठी म्हणून आले होते आणि दर वेळी मुदत वाढत गेली. बायको तिकडे त्यांच्या आईची काळजी घ्यायला राहिली होती. ते केनिलवर्थमध्ये एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत.

सकाळची शिफ्ट सुरू व्हायच्या आधी ते संपूर्ण शॉपमधून चालत जायचे. प्रत्येक मशिनपाशी थांबून 'मॉर्निंग' म्हणायचे. त्यांचं इंग्रजी बेताचं होतं, पण कोणाची बायको बाळंत होणार आहे, कोणाचा मुलगा कुठल्या शाळेत गेलाय, हे त्यांना ठाऊक असायचं. सुरुवातीला कामगार हसायचे. नव्या मॅनेजरांची सगळी फॅडं पहिले सहा महिने टिकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. हे फॅड मात्र टिकलं.

कामगारांच्या युनियनचा मुख्य प्रतिनिधी, ज्याला इथे कन्व्हीनर म्हणतात, तो वेल्डिंग शॉपमधला एक धिप्पाड माणूस होता. जन्म कॉव्हेंट्रीतलाच. त्याचे वडील, दोन्ही काका, सासरे, सगळे इथल्या गाड्यांच्या कारखान्यांत होते आणि ते सगळे कारखाने एकेक करून बंद झालेले त्याने पाहिले होते. त्यामुळे मालक कितीही गोड बोलला तरी त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. पहिल्या मीटिंगमध्ये साहेबांनी 'आपण सगळे एका घरातले' असं काहीतरी म्हटलं, ते मी इंग्रजीत सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, की माझं घर रॅडफर्डमध्ये आहे आणि तिथे मला कोणी क्लॉक-इन करायला लावत नाही. मी ते जसंच्या तसं जपानीत सांगितलं. साहेब इतके मनापासून हसले की त्यालाही हसू आवरेना.

त्या दोघांची खरी ओळख मात्र कन्व्हीनरच्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा झाली. साहेब मला घेऊन हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले. बरोबर एक खरबूज, लाकडी खोक्यात, खाली कागदाच्या कात्रणांची गादी. जपानमध्ये आजाऱ्याला भेटायला जाताना असं महागडं फळ नेतात. कन्व्हीनरची बायको, एका प्रायमरी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी ठेंगणी, तरतरीत बाई, पलंगाशेजारी बसली होती. तिने खोकं उघडलं आणि मला हळूच विचारलं, की याचं नक्की काय करायचं असतं. मी म्हटलं, खायचं. ती म्हणाली, "नुसतं खायला एवढ्या थाटात आणलंय होय." त्यानंतर तो माणूस बरा होईपर्यंत त्याला उभं राहून करायचं काम लागू नये म्हणून साहेबांनी तपासणीच्या टेबलाजवळ त्याच्यासाठी जागा करवली. त्याने आभार मानले नाहीत. पण तेव्हापासून तो साहेबांना गॅफर म्हणायचा तेव्हा त्यात टिंगल नसायची.

याच सुमाराला मी पार्टटाइम एम.ए. करायला घेतलं. विषय जपानचा आर्थिक इतिहास. प्रबंधासाठी मी निवडलं ते असं, की चीनमधून आलेल्या कन्फ्युशियसच्या शिकवणीचा जपानी भांडवलशाहीच्या वाढीवर काय परिणाम झाला. साहेबांना हे कळलं तेव्हा ते खूश झाले. त्यांच्या आजोबांनी त्यांना लहानपणी ती जुनी वचनं पाठ करायला लावली होती, अर्थ न कळता, आपल्याकडे पाढे किंवा रामरक्षा पाठ करून घ्यायचे तशी. दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ते मला ऑफिसात बोलवायचे. मी डब्यातली पोळी-भाजी खायची, ते सुपरमार्केटचं सँडविच खायचे, आणि बोलायचे.

ते सांगायचे, की शोगुन या लष्करी राज्यकर्त्यांच्या काळात समाजात सगळ्यात वर योद्धे, मग शेतकरी, मग कारागीर, आणि सगळ्यात खाली व्यापारी. व्यापाऱ्याकडे पैसा असे, पण मान नसे, कारण तो काही पिकवत नाही, घडवत नाही, नुसती इकडची वस्तू तिकडे करतो. मग व्यापाऱ्यांच्या शहरांत काही शिक्षक निघाले. त्यांनी त्याच शिकवणीतून व्यापाऱ्यांना सांगितलं, की योद्ध्याला जसं त्याचं वेतन, तसा प्रामाणिक व्यापाऱ्याला त्याचा नफा, त्यात लाज कसली. फक्त तो नफा सचोटीचा हवा. पुढे राजवट बदलली, योद्ध्यांच्या तलवारी गेल्या, त्यातले बरेच जण सरकारी कचेऱ्यांत आणि नव्या कंपन्यांत शिरले, आणि धन्याशी इमान राखायची सवय बरोबर घेऊन आले. धनी गेला, त्या जागी कंपनी आली. "आणि धन्याचं कर्तव्य?" मी विचारायचे. ते म्हणायचे, तेही आलं. खालच्याने निष्ठा द्यायची, वरच्याने माया द्यायची. दोन्ही बाजूंनी ओढलेली दोरी असते ती.

मला हे पटायचं, त्याला माझ्या घरचं कारण होतं. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली तरी ते 'आमची कंपनी' असंच म्हणत. मालक म्हणजे मायबाप ही त्यांची भाषा होती आणि तिच्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे. साहेब बोलायला लागले की मला आमच्या घरातली संध्याकाळ आठवायची.

युनिव्हर्सिटीतल्या माझ्या गाइड बाई इंग्रज होत्या. त्यांना हे सगळं इतकं सरळ वाटत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, की यातलं खरोखर जुनं किती, आणि कामगार नोकऱ्या सोडून पळायला लागले, संप व्हायला लागले, त्यानंतर मालकांना सुचलेलं किती. मी ते साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, की बाई हुशार आहेत आणि बहुतेक त्यांचं अर्धं बरोबर आहे. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात मी नाव न घेता आमच्या कारखान्याचं उदाहरण दिलं. खरबुजाबद्दल लिहिलं नाही, पण तपासणीच्या टेबलाबद्दल लिहिलं. मला चांगले मार्क मिळाले.

त्यानंतर दोनेक वर्षांनी ऑर्डरी कमी व्हायला लागल्या. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतरची कस्टमची भानगड होतीच, त्यात ज्या गाड्यांना आमच्या चौकटी जायच्या त्यांची मॉडेल्सच बदलत होती. कॅन्टीनमध्ये रोज नवी अफवा. जानेवारीत साहेब मुख्य ऑफिसच्या बैठकीला जपानला जाऊन आले. आल्यावर नेहमीसारखेच सकाळी शॉपमधून चालत गेले. फक्त बुधवारचं जेवण त्यांनी बंद केलं. काम वाढलंय, म्हणाले. माझं शिक्षण तर संपलंच होतं, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

मार्चमध्ये एका सकाळी कन्व्हीनर ऑफिसात आला. युनियनचं काम नाही, माझं स्वतःचं आहे, म्हणाला. इथल्या एका कॉलेजात मुलांना वेल्डिंग शिकवायची जागा निघाली होती आणि त्यांनी त्याला विचारलं होतं. पगार थोडा कमी, पण पाठीला आराम. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. तो साहेबांसमोर बसला, हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली.

"गॅफर, मी तुम्हाला कंपनीचं गुपित विचारत नाही," तो म्हणाला. "मी फक्त विचारतोय, की तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं."

हे मी जपानीत सांगितलं. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. जपानीत तसं चालत नाही, कोण कोणाशी बोलतंय यावर सगळं क्रियापद फिरतं. माझ्या डोक्यात अशा वेळी मधे मराठी उभी राहायची, आणि मराठीत तो माणूस साहेबांशी 'तुम्ही' म्हणून बोलत होता, पण 'तू' म्हणण्याइतक्या जवळून. ते कसं सांगायचं हे शोधताना मला एक-दोन क्षण जास्त लागले.

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. मग मान किंचित खाली घालून ते म्हणाले, "कोरे कारा मो योरोशिकु."

हे जपानीतलं रोजचं वाक्य आहे. नव्या वर्षी म्हणतात, बदली झाली तर म्हणतात, शेजाऱ्याला म्हणतात. शब्दांचा अर्थ, यापुढेही असाच लोभ असू द्या. त्यात वचन नसतं. पण इंग्रजीत त्याला नुसतं तसं म्हणता येत नाही, काहीतरी ठोस म्हणावं लागतं. मी म्हटलं, यापुढेही तुम्ही आमच्याबरोबर असावं अशी त्यांची इच्छा आहे. मला ठाऊक होतं त्यात याहून बरं भाषांतर नव्हतं, आणि आजही मला दुसरं सुचलेलं नाही.

कन्व्हीनरने मान हलवली, टोपी घातली. जाताना दारात म्हणाला, "बस. एवढंच हवं होतं." शुक्रवारी त्याने कॉलेजला नको म्हणून कळवलं.

सप्टेंबरमध्ये दोन्ही शिफ्टच्या माणसांना कॅन्टीनमध्ये बोलावलं. जपानहून आलेले दोन अधिकारी मागे उभे होते. साहेबांनी मला भाषांतर करू दिलं नाही. त्यांनी निवेदन इंग्रजीत स्वतः वाचलं, अडखळत, प्रत्येक शब्द वेगळा. पुढच्या उन्हाळ्यात कारखाना बंद होणार होता, काम दुसऱ्या देशातल्या कारखान्यात जाणार होतं. वाचून झाल्यावर ते कमरेत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. कोणी ओरडलं नाही. मागे कोणाचा तरी फोन वाजला आणि बंद झाला.

कन्व्हीनर पुढच्या रांगेत होता. तो उठून उभा राहिला. "तुम्हाला कधी कळलं?" त्याने विचारलं.

मागच्या दोघांपैकी एक पुढे यायला लागला. साहेबांनी हातानेच त्याला थांबवलं.

"जानेवारी," ते म्हणाले.

कन्व्हीनर दाराकडे वळला. माणसांनी दोन्ही बाजूंनी त्याला वाट करून दिली आणि तो बाहेर गेला. मी तिथे साहेबांच्या शेजारी उभी होते. मार्चमधलं ते वाक्य माझ्याच तोंडून त्याच्यापर्यंत पोचलं होतं, आणि ते मला आत्ता, सगळ्यांसमोर, पहिल्यांदा कळत होतं.

घरी आले तेव्हा मुलगी अभ्यास करत होती. तिचा जन्म पुण्यातला असला तरी भाषा इथलीच. "आई, तुझा कंपनी बंद झाला?" तिने विचारलं. एरवी मी तिला सुधारते, तुझी कंपनी, झाली. त्या दिवशी नुसतं हो म्हटलं. नवऱ्याने चहा केला आणि शेजारी बसून राहिला.

पुढचे काही महिने कन्सल्टेशनच्या, म्हणजे कामगारांशी सल्लामसलतीच्या, बैठका झाल्या. कायद्याने त्या घ्याव्याच लागतात. टेबलाच्या एका बाजूला साहेब आणि अधिकारी, दुसऱ्या बाजूला कन्व्हीनर आणि त्याचे सोबती, टोकाला मी. कन्व्हीनर आता साहेबांकडे पाहायचाच नाही. तो माझ्याकडे बघून बोलायचा. त्यांना सांग, की ट्रेनिंगचे पैसे हवेत. त्यांना सांग, की शेवटच्या दिवशी पोलीस बोलावू नका, आमची माणसं तशी नाहीत. 'यू' हा शब्द त्याच्या बोलण्यातून गेला होता. साहेब मात्र उत्तर देताना त्याच्याकडेच बघून द्यायचे. त्यांनी मुख्य ऑफिसशी भांडून सगळ्यांना थोडी जास्त भरपाई मिळवून दिली, हे मी स्वतः फोनवर ऐकलं. टेबलावर ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मलाही सांगू दिलं नाही.

कारखाना बंद झाला. साहेब जपानला परत गेले आणि रिटायर झाले. मला एका हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट ऑफिसात नोकरी मिळाली, तिथे जपानीचा काही उपयोग नाही. कॉलेजातली ती जागा केव्हाच भरली होती. कन्व्हीनर एका पार्सलच्या गोडाऊनमध्ये लागला. तो मला एकदा बसमध्ये भेटला. मला पाहून हसला, मुलीची चौकशी केली. साहेबांचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

दीडेक वर्षाने, जानेवारीच्या शेवटी, तो गेला. हार्ट अटॅक. घरीच, सकाळी, शूज घालताना.

मी साहेबांना ईमेल केली. कळवावं एवढाच हेतू होता. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं, की ते येतायत, पण घरच्यांना चालणार नसेल तर येणार नाहीत, आणि मी विचारून सांगावं. इथे मृत्यूनंतर लगेच अंत्यविधी होत नाहीत, दोन-तीन आठवडे जातात, त्यामुळे वेळ होता. मी कन्व्हीनरच्या बायकोला फोन केला. मग ती म्हणाली, "येऊ दे. सगळ्यांना चहा मिळेल तसा त्यांनाही मिळेल."

क्रिमेटोरियममध्ये जुने कामगार इतके आले होते की काही जण बाहेर पावसात उभे होते. साहेब काळ्या सुटात सगळ्यात मागच्या बाकावर बसले. ते फार थकलेले दिसत होते. काही जणांनी त्यांना ओळखून मान हलवली, काहींनी तोंड फिरवलं. एक तरुण वेल्डर त्यांच्या शेजारी येऊन बसला आणि प्रार्थनेचं पुस्तक त्यांच्यासमोर योग्य पानावर उघडून धरलं.

नंतर रॅडफर्डच्या एका सोशल क्लबमध्ये चहा होता. हॅम सँडविचेस, सॉसेज रोल्स, मोठ्या थर्मासमधला चहा. साहेब कोपऱ्यातल्या टेबलापाशी माझ्याबरोबर बसले होते, कप समोर, प्यायला नव्हता. ती बाई सगळ्यांना भेटत भेटत आमच्याकडे आली आणि खुर्ची ओढून बसली. साहेब उठायला लागले, तिने हाताने बसा म्हटलं.

"मला त्यांच्याशी इंग्रजीत नाही बोलायचं," ती मला म्हणाली. "त्यांना नीट समजायला हवं आणि मला नीट समजायला हवं. तू सांग."

मग तिने विचारलं, की त्या दिवशी तिचा नवरा ऑफिसात आला तेव्हा त्यांना माहीत होतं ना.

साहेब म्हणाले, "हो."

"तो घरी आला तेव्हा किती खूश होता. म्हणाला, गॅफर माझ्याशी खोटं बोलणार नाही."

हे मी जपानीत सांगितलं. माझा आवाज मला परका वाटत होता. साहेबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. ते म्हणाले, की त्यांना वरून सांगितलं होतं, वेळ येईपर्यंत कोणालाही काही कळू द्यायचं नाही. वरच्याचं ऐकायचं आणि खालच्याला सांभाळायचं, हे ते लहानपणापासून शिकले होते, आणि दोन्ही एकाच वेळी करता येतं असं त्यांना तोवर वाटत होतं. त्या सकाळी दोन्हीतलं एकच करता येणार होतं. त्यांनी वरच्यांकडे पाहिलं.

ती ऐकत होती. "आणि खाली पाहिलं असतं तर काय झालं असतं?" तिने विचारलं. "तुम्हाला काढून टाकलं असतं?"

"नाही," साहेब म्हणाले. "माझी नोकरी संपतच आली होती. मला ओरडले असते. बस."

मी हे सांगितलं तेव्हा ती मान हलवत राहिली, जणू काही तिला हे आधीपासून ठाऊक होतं आणि फक्त कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं. "त्या कारखान्याने त्याला मारलं असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "त्याच्या वडिलांनाही हार्टचंच होतं. पण शेवटची दोन वर्षं तो वाईट झाला होता. कोणावर विश्वास ठेवायचा नाही. माझ्यावरसुद्धा." मग ती उठली, साहेबांचा थंड झालेला कप उचलला आणि म्हणाली, दुसरा आणते. आणला, त्यांच्यासमोर ठेवला आणि दुसऱ्या टेबलाकडे गेली. साहेबांनी तो सगळा प्यायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना बर्मिंगहॅम एअरपोर्टला सोडायला गेले. जाताना कारखान्यावरून जायचं का, मी विचारलं. ते नको म्हणाले, तिथे आता ओळखीचं कोणी नसेल. मग स्वतःहूनच बोलायला लागले, जुन्या बुधवारसारखे, फक्त हळू. ते म्हणाले, की त्या जुन्या शिकवणीत अजून एक गोष्ट आहे, जी त्यांनी मला तेव्हा सांगितली नव्हती. धनी चुकत असेल तर नोकराने त्याला तोंडावर सांगायचं, आणि तीच खरी निष्ठा. ती शिकवण चीनमधून समुद्र ओलांडून जपानला आली तेव्हा यातलं बरंचसं वाटेत राहिलं. जे पोचलं त्यातलं कंपन्यांना जेवढं सोयीचं होतं तेवढं त्यांनी ठेवलं. आज्ञा पाळणं ठेवलं. उठून बोलणं ठेवलं नाही.

"आजोबांनी मला ते वाक्यही पाठ करायला लावलं होतं," ते म्हणाले. "मला येतं ते. अजून येतं."

त्यांनी विचारलं, की मी माझा प्रबंध पुन्हा लिहीन का. त्यात आमच्या कारखान्याबद्दल जे लिहिलंय ते आता पुरतं खरं नाही, असं त्यांना वाटत होतं. मी म्हटलं, तपासणीचं टेबल खरं होतं. ते म्हणाले, हो, तेही खरं होतं, म्हणूनच ते अवघड आहे. एअरपोर्टवर त्यांनी माझ्या मुलीसाठी आणलेली मिठाई माझ्या हातात दिली आणि आत गेले. नंतर त्यांचा आणि माझा पत्रव्यवहार हळूहळू थांबला. दोष कोणाचाच नाही, बोलायचं होतं ते बोलून झालं होतं.

प्रबंध मी पुन्हा लिहिला नाही. एकदा दोनदा बसले, पहिलं पान झालं, मग गाइड बाईंचा तो प्रश्न समोर यायचा, जुनं किती आणि नंतर सुचलेलं किती, आणि त्याच्या उत्तरापेक्षा मला गुडघ्यावर टोपी ठेवून बसलेला माणूसच दिसायचा. इतिहासात त्याला कुठे बसवायचं हे मला कळत नाही.

मागच्या शरद ऋतूत कन्व्हीनरची बायको मला कॉव्हेंट्रीच्या मार्केटमध्ये भेटली. तिच्या हातात बटाट्यांची जड पिशवी होती. मी पिशवीचा एक बंद धरला आणि आम्ही बसस्टॉपपर्यंत चाललो. शाळेतलं काम तिने सोडलं होतं, मोठ्या मुलाकडे नॉर्थॅम्प्टनला जाऊन राहायचा विचार होता. साहेबांकडून काही कळलं का, तिने विचारलं. मी नाही म्हटलं.

"तू त्यांना तेव्हा आणायला नको होतंस," ती म्हणाली. रागाने नाही, हवापाण्यावर बोलावं तशी. "आधी मी त्या सगळ्या कंपनीचा द्वेष करायचे. मोठी, लांबची, जपानमधली. ते सोपं होतं. आता तो म्हातारा डोळ्यांसमोर येतो, थंड चहा समोर घेऊन बसलेला. आता मला नीट रागावताही येत नाही."

बस आली. तिने पिशवी माझ्या हातातून घेतली, माझ्या दंडावर थोपटलं आणि वर चढली. खिडकीतून तिने हात केला. मी बस वळेपर्यंत थांबले आणि मग हॉस्पिटलच्या दुपारच्या शिफ्टला गेले.